दोन हातांचे बोल्ट

सोमवार, ता. ५

ती. आत्यास,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

मशीन सोडून इकडे सगळे खुशाल आहेत. मोठ्या रंधा मशीनचा ड्रम गेला, म्हणजे ज्याच्यात पाती बसतात तो फिरता लोखंडी रूळ. पाती धरून ठेवणाऱ्या बोल्टांचे आटे पार खाल्ले गेलेत. मशीन बघायला आलेल्या मिस्त्रीने विचारलं, हे माणसाने आवळलंय की हत्तीने? आता हा ड्रम फिरवलात तर एखादं पातं सुटून कुणाच्या तरी अंगात घुसेल, म्हणाला. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी खिडकीबाहेर.

नवा ड्रम घ्यायलाच हवा. एक तर पूर्वीसारखा, सरळ लांब पात्यांचा. त्या पात्यांना घरी धार लावता येते, पण बसवताना एखादं केसभर वर राहिलं तरी लाकडावर लाटा उठतात. दुसरा मळसूत्री. त्याच्यावर नखाएवढ्या चौकोनी चकत्या पिळात बसवलेल्या असतात. एक कड बोथट झाली की चकती फिरवायची, धार लावायची भानगडच नाही, आणि आवाजही निम्मा. बाबा आजवर त्याला आळशाचा रंधा म्हणत आले. आणि काल एकाएकी म्हणाले, तुला हवा तो घे, मी आता खाली कारखान्यात येणार नाही.

आत्या, एक सांगते, कुणाला बोलू नकोस. बाबांना कमी ऐकू येतं, पण ते कबूल करत नाहीत. पाती ते कानाने बसवतात. ड्रमवर लाकडी पट्टी ठेवायची, तो हाताने फिरवायचा, आणि प्रत्येक पातं पट्टीला सारख्याच आवाजात घासून गेलं पाहिजे. तो बारीक आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून संध्याकाळी ते वर गेले की मी बोल्ट सैल करते, पाती पुन्हा बसवते आणि बेताने आवळते. कित्येक महिने हेच चाललंय. त्यांना कळलं असेल का? त्याचाच राग आला असेल का? तू त्यांची लाडकी धाकटी, जरा खडा टाकून बघ.

माया आहेच, ती उत्तरातून दिसू दे.

तुझी,
ठमी


बुधवार, ता. ७

चि. छबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं शिलाई मशीन धडधडत असेल. आमचं बंद आहे, आणि मीही. कारखान्यात जाणं सोडलं. का, ते फक्त तुला सांगतो. ठमीला कळता कामा नये.

माझे कान गेले हे मला कधीच कळलंय. ठमीला वाटतं मला पत्ता नाही, वाटू दे. कान गेले तरी हात होते. पण हल्ली संध्याकाळी मी पाती बसवून बोल्ट चांगले आवळतो आणि सकाळी तिच्या आधी जाऊन पाना लावून बघतो, तर सैल. एकदा नाही, दर खेपेला. आधी वाटलं गरम लोखंड निवल्यामुळे होत असेल. मग उमगलं की हातातला जोरच गेलाय, आणि गेल्याचं हाताला समजतही नाही. म्हणून पान्याला लांब पाइप जोडून दुप्पट जोराने आवळायला लागलो. मिस्त्री ज्याला हत्ती म्हणाला तो मीच.

आपला हात किती आवळतोय हे ज्याला कळत नाही, त्याने मशीनपाशी उभं राहू नये. पोरीच्या अंगावर पातं उडालं असतं तर? ड्रमचं काय ते ती ठरवेल. मी वर बसून पेपर वाचतो. सकाळी पाय मात्र जिन्याकडे वळतात, त्यांना कोण समजावणार?

लोभ आहे म्हणून सांगितलं, लोभ आहे म्हणूनच पोटात ठेव.

तुझा,
दादा


शनिवार, ता. १०

चि. ठमीस,
आत्याचे अ. आ.

तुझं आणि दादाचं पत्र एकाच टपालाने आलं. कुणाला सांगू नकोस असं दोघांनीही बजावलंय. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तिथे तुमची दोन-दोन गुपितं कुठे ठेवू? सांगूनच टाकते.

अगं वेडाबाई, तुझ्या बापाच्या हातांना काहीही झालेलं नाही. तू संध्याकाळी बोल्ट सैल करून बेताने आवळतेस. सकाळी ते बघून त्याला वाटतं, आपल्याच हातात जोर उरला नाही. मग तो पाइप लावून आवळतो. बापलेक एकमेकांच्या चोरून तोच बोल्ट पिळत होतात, आटे राहतील कसे? वाचताना मी आधी पोट धरून हसले, आणि मग डोळे पुसले. मशीनजवळ उभं राहायची आपली लायकी नाही, म्हणून तो वर जाऊन बसलाय. तू त्याचं मन राखायला गेलीस हे मला कळतं. पण मन राखताना माणसालाही काही सांगावं लागतं.

मी त्याला एक ओळ लिहिणार नाही. तूच जिना चढ आणि सांग, मोठ्याने सांग, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल. ड्रमबद्दल मला विचारू नकोस, माझी अक्कल सुईदोऱ्यापुरती.

रागावले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.

तुझी,
आत्या


शुक्रवार, ता. २३

ती. आत्यास,
ठमीचा सा. न. वि. वि.

सांगितलं. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, कान गेले ते मी सोसलं, पण तू माझे हातही काढून घेतलेस. मला रडू फुटलं. ते जवळ घेतील असं वाटलं होतं, पण ते उठले, कपाटातला गच्च झाकणाचा डबा काढला, एका हिसक्यात ते उघडलं आणि आपल्या हाताकडे बघत बसले.

सकाळी खाली आले. मी म्हटलं, सरळ पात्यांचाच ड्रम घेऊ, धार तुम्ही लावा. तर असे भडकले! माझी कीव येते म्हणून मशीन घेऊ नकोस, लाकूड बघून घे, म्हणाले. आपल्याकडे येतात जुनी दारं आणि चौकटी. जागोजागी गाठी, उलटसुलट रेषा, आणि आत कुठेतरी मोडका खिळा. खिळा लागला की सरळ पात्याला खांड पडते आणि अख्खं पातं काढून घासत बसावं लागतं. मळसूत्रीत तेवढी एक चकती फिरवली की झालं. हे त्यांनी मलाच समजावलं, जसं काही आळशाचा रंधा असं मीच म्हणत होते! मळसूत्रीच घेतला. धाकट्या मशीनची सरळ पाती मात्र त्यांच्याकडेच आहेत. बहिऱ्याच्या गळ्यात मुकं मशीन बांधलंस, असं म्हणून मला चिडवतात. कान गेल्याचं असं हसत पहिल्यांदाच बोलले. मशीन चालू आहे हे दिसावं म्हणून त्याच्यावर लाल दिवा लावलाय.

चकत्या त्यांनीच बसवल्या. एकेक खाच ब्रशने झाडली, म्हणाले, खाली भुशाचा कण राहिला तर चकती तडकते. स्क्रूसाठी नवा पाना आणलाय, पुरेसं आवळलं की तो टक्‌ करतो. आवाज त्यांना येत नाही, पण तळहाताला धक्का कळतो. सगळं झाल्यावर पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता तपास, पण माझ्यासमोर. मी एकेक स्क्रू तपासला. ते शेजारी उभे राहून बघत होते. एकही हलला नाही.

तुझी माया आम्हा दोघांच्या वाट्याला सारखी येऊ दे.

तुझी,
ठमी