शिंगट्यांच्या वाट्याची शितं

डोंबिवली, १० नोव्हेंबर १९५३

माशांच्या काचेच्या पेटीतलं पाणी आज पुन्हा गढूळ. वर तेलकट तवंग. कसला, ते कळेना. मी आपला शिंगट्यांनाच दोष देत होते. बोटाएवढ्या दोन मासळ्या, लांब मिशांच्या, तळाशी गप्प बसलेल्या. रंगीत माशांच्या वाटेलाही जात नाहीत. तरी उद्या त्यांना तळ्यात सोडून या, असं ह्यांना सांगून बसले होते.

दुपारी जेवण झाल्यावर सासरे पेटीपाशी दिसले. जेवणाआधी ताटाशेजारी घातलेल्या चित्राहुतीची शितं ते हळूच पाण्यात सोडत होते. घरात मासे आणले म्हणून ह्यांच्याशी आठवडाभर अबोला धरणारे हेच ते.

"मामंजी, त्या भाताला तूप असतं. त्याचाच तवंग येतोय."

ते ओशाळले. "अगं, वर टाकलेलं सगळं ते रंगीत खाऊन टाकतात. ह्या खालच्या मिशीवाल्यांना काय उरतं?"

टिपकागदाने तवंग काढला. शिंगट्या राहू देत. पण मामंजींना नको कसं म्हणू?

संध्याकाळी पान वाढताना नेहमीप्रमाणे भातावर तूप वाढायला गेले, तर मामंजींनी हात आडवा धरला.

"आधी चित्राहुती होऊ दे," म्हणाले. "तूप मागाहून."