थोरलीची तपासणी

बाई, लोकांना प्रयोग नको असतो, निकाल हवा असतो, असं म्हणून तुम्ही वर्गात चिडायचात. आता संशोधक झाल्यावर मी व्यासपीठावर चिडते. आज मात्र मला माझाच राग आलाय.

आठवीत तुम्ही ओल्या फडक्यात मूग बांधून ठेवायला सांगितले होते. वक्तृत्वाच्या सरावात ते उघडून बघायचं राहिलं आणि मी वहीत कोंबांचं झकास वर्णन लिहून टाकलं. सिन्नरच्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझं फडकं सोडता. मूग कुजलेले. "वाच आता, मोठ्यानं." मी वाचते, वर्ग खिदळतो. "तुझं तोंड डोळ्यांच्या पुढे धावतं गं," एवढंच बोलून तुम्ही वही परत देता.

परवा सातपूरला कामगारांपुढे मी तेच केलं. हाडांतल्या मज्जेत रक्ताच्या मूळपेशी असतात, त्यांच्यापासून सगळं रक्त तयार होतं. शरीरात दाह फार काळ धुमसत राहिला की त्या थकतात. दाह कमी केला की काही प्रमाणात सावरतात. हे मी स्वतः पाहिलंय, पण उंदरांत. भाषणाच्या कागदावर 'उंदरांत' हा शब्द होता. टाळ्या सुरू झाल्या आणि मी तो गिळला. "दाह विझवा, रक्त पुन्हा उभं राहील!" अख्खं सभागृह उठलं.

खाली उतरले तर एक फिटर हात जोडून उभा. त्याच्या धाकट्या मुलीच्या मज्जेत रक्त पुरेसं तयारच होत नाही. तिला द्यायला थोरलीची मज्जा जुळते का ते तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. "ताई, मंग आता थोरलीला सुया टोचायला नको ना? तुमचं औषध येऊस्तोर थांबतो. आमची मंडळी तर म्हणती, एवढं बोलत्यात म्हंजे पिशवीतच असंल!"

"अहो, त्याला वेळ लागेल," मी म्हणाले.

"लागू द्या की! आलं की कळवा," म्हणत त्यानं फोन नंबरची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. तेवढ्यात आयोजकांनी फोटोसाठी बोलावलं. मी गेले.

दोन दिवस मी आयोजकांवर, पत्रकारांवर, लोकांच्या घाईवर चडफडतेय. खरं सांगू? 'वेळ लागेल' म्हणताना तो फिटर काय समजेल, हे मला कळत होतं. पण त्या टाळ्या मला हव्या होत्या. आणि तुम्हाला लिहिणं सोपं आहे, बाई. पत्रात तुम्ही लगेच उलट विचारणार नाही. म्हणून हे पत्र इथेच सोडते आणि त्याला फोन लावते.

दादा, माझ्याकडे औषध नाही. थांबू नका. थोरलीची तपासणी उद्याच करून घ्या.