सायलीचा फोटो परत आलाय

७ एप्रिल
सायलीचा नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म अडकला. फोटो नामंजूर. बाईसाहेबांनी मोबाइलमधला फिल्टर लावलेला चढवला होता. नाक अर्धं, हनुवटी टोकदार, रंग दुधासारखा. भांडुप स्टेशनबाहेर आईचा फोटो स्टुडिओ आणि पोरगी फोटोपायी अडकते. डोकं फिरलं. १० तारखेपर्यंत नवा फोटो गेला नाही तर परीक्षा नाही, वर्ष फुकट.
म्हटलं, उद्या दुकानात ये, दोन मिनिटांचं काम.
"नाही येणार. माझा खरा फोटो नको काढूस."
खरा नको म्हणजे? सतरा वर्षांची घोडी झाली.

८ एप्रिल
आली नाही. दुपारी घरी गेले तर मोबाइलसमोर मान वळवून बसलेली. डावी बाजू बरी दिसते म्हणे, उजवी नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलली. क्लासमधल्या कोणीतरी तिच्या साध्या फोटोखाली लिहिलं, "फिल्टर संपला काय?" बाकीचे हसले. तेव्हापासून हे. तो कोण ते सांगत नाही, नाहीतर त्याच्या घरी जाऊन आले असते.
ह्यांना सांगितलं. "वय आहे, जाईल." ह्यांच्या मते सगळं आपोआप जातं. वर्षही जाईल तसंच.

९ एप्रिल
सायली दुकानात आली, फोटोला नाही, भांडायला. तेव्हाच एक बाई मुलीच्या स्थळासाठी फोटो घ्यायला आलेल्या. "ताई, जरा उजळ करा हां." केला. रोज करते. सायली मागे उभी राहून बघत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "मी केलं की थयथयाट. तू केलंस की धंदा?"
म्हटलं, लोक मागतात.
"मी कधी मागितलं होतं गं? माझा दहावीचा फोटो कोणी गोरा केला?"
गप्प बस म्हटलं. निघून गेली.
मग कॉम्प्युटरवर तिचं फोल्डर उघडलं. बालवाडी, चौथी, दहावी, आजीच्या पंचाहत्तरीतले. सगळे करेक्शन केलेले. मूळ एकही नाही, जागा अडते म्हणून मीच उडवते. चार वर्षांच्या पोरीचा रंग उजळताना माझ्या मनात काय होतं? काहीच नव्हतं. त्याचाच जास्त संताप येतोय. त्या क्लासमधल्या पोराला शिव्या घालत होते दोन दिवस. खाई त्याला खवखवे.

१० एप्रिल
सकाळी स्वतःहून आली. तोंड धुतलेलं, केस मागे बांधलेले. स्टुलावर बसली, सरळ समोर बघितलं. काढला. चांगला आलाय. नाक माझ्या आईचं, रंग माझा.
स्क्रीनवर घेतला, मापात कापला आणि हात सवयीने पुढच्या कामाला गेला. रंग उजळायच्या बटणावर. दाबलं नव्हतं, शप्पथ. पण ती शेजारीच उभी होती.
"कर ना. थांबलीस कशाला?"
फोटो होता तसा पेनड्राइव्हवर घालून दिला. घेऊन गेली, माझ्याकडे न बघता.
मुदत सहापर्यंत. आता साडेचार. कुठला फोटो चढवला विचारायला तीनदा फोन केला. उचलत नाही.