अर्धा कप चहा

धाकटीच्या आईस,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिली नाही, म्हणून थेट खुशाली लिहितो. मी बरा आहे. काम सुरू आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या न्हाव्याने माझे हात बघून विचारलं, "किती वर्षं पितोस?" तोही त्यातलाच, पण सहा वर्षांत थेंब घेतलेला नाही. दर रविवारी तो मला दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला नेतो. शिंप्याच्या दुकानामागची खोली, डझनभर खुर्च्या. आज माझा बारावा कोरडा दिवस.

तिथे नव्या माणसाला चहा अर्धा कपच देतात. मला वाटलं, काय कंजूष लोक! मग कळलं, आमचे हात थरथरतात, भरलेला कप सांडतो.

तो अर्धा कप धरून काल मी सगळ्यांसमोर जे बोललो, ते आता तुला लिहितो. धाकटीच्या हातावर उकळता चहा सांडला, तेव्हा तिने मला धक्का दिला नव्हता; कप माझ्याच थरथरत्या हातातून सांडला होता. तिनेच धक्का दिला असं धरून तू तिला बदडलंस. ती भाजलेला हात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी गप्प बसलो.

हे तिला वाचून दाखव. मी घरी यावं की नाही, ते तिलाच विचार.

तिचा बाप