नळीतला जिन

२५ ऑक्टोबर
ताईचं कुरिअर आलं. नांदेडच्या लॅबला दिवाळीची सुट्टी, म्हणून लातूरला घरीच मागवलेलं. मीच फोडलं. आत करंगळीएवढी प्लॅस्टिकची नळी — रिकामी!! म्हणलं, "ताई, गंडवलं तुला कंपनीनं."
"आरं येड्या, त्यात जीन हाय. तळाला वाळून बसलाय. दिसत न्हाई."
म्हणं, काँप्युटरवर चारच अक्षरं उलटीपालटी करून लिहायची. कंपनी तसलाच जीन बनवून धाडती. तो जंतूत घातला की जंतूला केळ्याचा वास येतो. मी म्हणलं, अर्धापूरला गाडीभर केळी मिळतेत की! तिनं चप्पल फेकली. चुकवली.

२६ ऑक्टोबर
उद्या उदगीरचं स्थळ बघाय येऊन राहिलंय. मृत्युंजय. डाळीचं दुकान. ताई फोनवर बोललीय त्याच्याशी. पोरगा आवडलाय — गाल सांगतेत! पण त्याची आज्जी बसम्मा म्हणती, सून घरात पाहिजे, लॅब बंद. आप्पा म्हणले, "बरं." ताई जेवली न्हाई.
मला म्हणली, "अम्या, उद्या तोंड मिटून उगं बस. पाया पडते."
उगं बसू? मी?

२७ ऑक्टोबर
न्हाई बसलो.
पोहे चालू होते. बसम्मा आज्जीनं विचारलं, "तिथं करती काय गं तू?"
"जीन बनवते."
आज्जीचा चमचा थांबला. उदगीरला दर्ग्याच्या मागंच घर तिचं — जिन म्हणजे कसलं भूत, पक्कं ठाऊक! "जिन?"
मी लगेच नळी पुढं केली. "हाव आज्जी. ह्यात कोंडलाय."
"रिकामीच हाय की रे!"
"जिन दिसतो व्हय?"
"अय्यो शिवा!" पोहे सांडले, आज्जी दाराकडं. ताई मागं पळाली, "आज्जी, त्यो नुसता केळ्याच्या वासाचा—"
"त्याला केळंबी लागतेत?"
मृत्युंजय हसून राहिला होता. आज्जीनं दंडाला धरून न्हेला.

२८ ऑक्टोबर
अव्वानं जेवाय वाढताना माझ्यापुढं ताट आपटलं. ताई एवढंच म्हणली, "हसला होता रे तो."
मला काय हसू येईना.

३० ऑक्टोबर
गोष्ट लई लांब गेली! मुखेडहून एक बाई लिंबू घेऊन दारात. "जिन कोंडणाऱ्या ताई हितंच ऱ्हातेत का?" आप्पांनी मला चौकापस्तोर पळवलं. पायात चप्पल बी न्हाई.

३१ ऑक्टोबर
उदगीरचा फोन. स्पीकरवर बसम्मा आज्जी! "एवढ्याश्या पोरीनं जिन कोंडला — असलीच सून पाहिजे. पण एक अट. लॅब सोडायची न्हाई! ही हटली अन् तो सुटला तर? दोघांनी नांदेडलाच ऱ्हावं. उदगीरला जिन आणायचा न्हाई."
आप्पा म्हणले, "बरं."
मी बोलायला तोंड उघडलं. ताईनं अख्खं केळं कोंबलं.