थोरल्या बाईंचा चहा

५ जानेवारी, रविवार

आज मी बसमधी बसून चहा पिले. साधी बस नव्हे, दोन मजल्यांची. वर टेबलं, टेबलावर पांढरं कापड, अन् गाव बघत बघत चहा. नातीनं, रेवानं, मला न विचारता तिकीट काढलं. म्हणली, आजी, आज गुडघ्याचं नाव काढायचं नाही. जिना चढताना तिनं खालून ढकललं, कंडक्टरनं वरून ओढलं. ज्वारीचं पोतं चढवावं तशी चढले.

टँकबंडवर तळ्याचा वारा अंगावर. चारमिनारच्या वाटेला वरच्या मजल्यावरची घरं अगदी खिडकीशी. एका घरात बाई भेंडी चिरायली होती, माझ्याकडं बघून हसली. लग्न होऊन या गावात आले ती आजवर इथंच, पण गाव बघितलं ते भाजीच्या पिशवीच्या उंचीवरून. वरून निराळंच दिसतं. उस्मानिया बिस्किट बुडवलं तर तुटून कपात पडलं. चमच्यानं काढून खाल्लं, लाज कशाची.

रेवा शेजारी होती, समोरची जागा रिकामी. तरी चहावाल्या बाईनं तिथंही कप भरला. म्हटलं कोणी नाही तिथं. तर म्हणते, "दुसरी अम्मा आते ना." दुसऱ्या टेबलाचं असंल काही.

फार छान दिवस गेला. फारच.

६ जाने. सोमवार

सकाळच्या चहाला चव नाही. गरम पाणी. सूनबाईला बोलले, तिनं तोच चहा पिऊन दाखवला, म्हणली रोजच्यासारखाच आहे. वरणाला चव नाही. लोणचं चाटलं, नुसता ओलावा.

दुपारी पडल्या पडल्या ध्यानात आलं अन् उठून बसले. काल थोरलीला दाखवायचं राहिलं.

मी दुसरेपणावर आलेली. थोरली गेली तेव्हा तिचा विलास पाळण्यात होता. लग्नातच तिची मूर्ती ठोकलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. हे गेल्यावर तो देवात ठेवला. पण रीत मोडली नाही. नवं लुगडं असो, पहिला आंबा असो, आधी टाकासमोर धरायचं, "घ्या थोरल्या बाई" म्हणायचं, मग आपण. कधी चुकले नाही. चुकले ती काल, आनंदात.

९ जाने. गुरु.

डॉक्टर म्हणतो सर्दी आहे. सर्दी कुठली. टाकाला पेढा दाखवला, नाक घासलं. पेढा मातीसारखा लागला.

जिथं चुकलं तिथंच द्यावं लागणार. रेवाला म्हटलं, बस फार आवडली, परत ने. ती एवढी खूश झाली की खरं सांगवलं नाही. आवडली होती हे तर खोटं नाहीच.

१२ जाने. रविवार

टाक रुमालात बांधून कमरेला खोवून नेला. तीच जागा मिळाली. समोर कप भरला तेव्हा रेवा फोनवर फोटो काढायली होती. हळूच म्हटलं, घ्या थोरल्या बाई. तळ्याकडं तोंड केलं. खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये.

वळून बघितलं तर कप अर्धा. साय एका कडेला सरकलेली, फुंकर घातल्यावर सरकते तशी.

मग मी माझा घोट घेतला. आली बाई चव! दूध, साखर, सगळं आपापल्या जागी. दोन कप पिले. बिस्किटं तर मोजलीच नाहीत. रेवा म्हणे, आजी, तू लहान पोरीसारखी करायलीस.

उतरताना चहावाल्या बाईनं रेवाला विचारलं, "वो अम्मा नै उतरते?" रेवा हसली, हीच तर आमची अम्मा. बाईनं आमच्या डोक्यावरून मागं टेबलाकडं बघितलं.

१४ जाने. मंगळवार, संक्रांत

तिळगूळ टाकासमोर ठेवला. रोज मी बोलले की कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आज रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं झालं. टाक आहे, ती नाही. ती बसमधीच राहिली. गेली तेव्हा एकवीस वर्षांची, तिनं तरी काय बघितलं होतं. बस आवडली असंल. माझं बोट धरून बाहेर पडली, आता मोकळी.

मला राग नाही. भीती वाटते.

संध्याकाळी विलास ऑफिसातून आला. जन्मात कधी तिच्याबद्दल बोलला नाही. बूट काढले अन् म्हणला, "आई, तिला साखर कमी लागायची का गं?"

कोणाला, मी विचारलं. माहीत असून.

तर म्हणे टँकबंडवर सिग्नलला थांबलो होतो, ती चहाची बस शेजारी आली. वरून कोणीतरी साखरेचं भांडं बाजूला सारलं अन् मला हात केला. मला वाटलं तूच.

१७ जाने. शुक्र.

विलासनं रविवारची दोन तिकिटं काढली. सूनबाई म्हणली मला नको, मला बस लागते. मी म्हटलं मी येते. तर माझ्याकडं न बघता, "तू नको, दमशील." मग दुसरी जागा कोणाची? "असू दे गं."

मला मूल झालं नाही. हा एकच. बोल फुटल्यापासून मलाच आई म्हणतो. पण पोट तिचं आहे. तिनं मागितला तर नाही म्हणायला माझ्याजवळ काय आहे?

१९ जाने. रविवार

दुपारी गेला. इस्त्रीचा शर्ट घातला. टाक मागितला नाही. मी दारात उभी होते, पाया पडला. तो रोज पडत नाही.

बसमधून फोन केला. बसलो गं, टँकबंड आलं, म्हणला. मग फोन बंद करायचा विसरला. मी कानाला लावूनच बसले.

कपबशीचा आवाज. अन् विलास बोलायला लागला. घरात हूं शिवाय काही न बोलणारा माणूस धबाधबा बोलत होता. शाळेतलं, टायफॉईडचं, त्याच्या परीक्षेला मी झाडाखाली बसून राहायचे ते. मधी थांबायचा, "हो" म्हणायचा, परत बोलायचा. उत्तर मला ऐकू आलं नाही. मग म्हणला, "त्यांनी मला काही कमी पडू दिलं नाही."

त्यांनी.

आवाज मात्र एवढा आनंदी होता. एवढासा असताना जत्रेत खांद्यावर घेतलं की असा बोलायचा.

मग, "नको, आत्ताच नको उतरायला," असं काहीतरी, अन् फोन तुटला.

दिवा लावून झाला. बसची वेळ केव्हाच होऊन गेली. सूनबाई म्हणते रविवारची गर्दी असते. रेवा म्हणते आजी, तूच लाव की फोन. फोन हातातच आहे. लावीन, पण त्यानं उचलून, कोण बोलतंय, असं विचारलं तर