अंगठीआधी करवत

प्रिय ठमे,

लग्नाच्या अंगठ्यांचं काय झालं, म्हणून तू तिसऱ्यांदा विचारलंस. आई म्हणाली, फोनवर रडलीस. बाबांना मुलगाच पसंत नाही, म्हणून चालढकल करतायत, असं काहीबाही बोललीस. उत्तर देतो, पण माझ्या चालीनं. हल्ली सगळंच सावकाश होतं.

आधी सोनारकामाची एक करवत विकत घे. हलकी, उथळ चौकटीची. अंगठीला खोल चौकट लागत नाही, उगाच मनगट भरून येतं. चौकट लांबीला कमीजास्त होणारी बघ, म्हणजे मोडक्या पात्याचा तुकडाही लावता येतो. पाती डझनानं घे, कारण पहिल्याच दिवशी निम्मी मोडशील आणि वर दुकानदाराच्या नावानं खडे फोडशील. पत्र्याच्या जाडीत निदान तीन दात बसायला हवेत. दात जाड असले तर पातं अडकून तुटतं, फारच बारीक असले तर संध्याकाळपर्यंत घासत बस. दुकानदार सगळ्यात महागडं गळ्यात मारू बघेल. तू आपला चांदीचा तुकडा सोबत ने आणि पातं त्या तुकड्याच्या जाडीला लावून बघूनच घे.

वळणावर जोर करायचा नाही. करवत जागच्या जागी चालू ठेवायची आणि पत्रा फिरवायचा. माझ्या बाकाखाली बसून चांदीचा चुरा गोळा करायचीस, तेव्हा हे सगळं तुझ्या कानांवरून गेलंय.

आई बरी आहे. शेजारचा घड्याळजी दुकान विकून मुलाकडे गेला. मी रोज दुकान उघडतो, बाक पुसतो, बंद करतो. आईला वाटतं, गिऱ्हाईक नाही. दमायला होतं गं, काही न करताच.

गेल्या महिन्यात तुमच्या अंगठ्यांना हात घातला होता. पातं तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. पाती बनवणाऱ्याचा मनसोक्त उद्धार केला. मग बोट फिरवून पाहिलं. दात खाली, मुठीकडे हवेत. मी ते वर करून बसवत होतो. ठमे, मला दात दिसतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, नजरेचा मधला भाग गेला, तो परत यायचा नाही. ही एवढाली अक्षरं त्यामुळेच. आईला अजून सांगितलेलं नाही, माझी हिंमत होत नाही. तू आलीस की सांगू. जावईबापू मला पसंत आहेत, अगदी मनापासून. ते नकाशे काढतात, त्यांचा हात स्थिर असणार. नक्षी त्यांनी काढायची, कापायची तू. दोघं इकडेच या. मी शेजारी बसेन. करवत नीट चाललीय की नाही, ते मला आवाजावरून अजून कळतं.

तुझाच,
बाबा